अंतरपाटावरचे लाल स्वस्तिक

गुरुजी, तुम्हाला जाऊन तीस वर्षे होऊन गेली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचे विनयाने लिहिणे मला जमेल असे वाटत नाही. विनय मला तुम्हीच शिकवलात. वैधव्य येऊन वर्ष झाले होते, मी माहेरी परत आले होते, आणि शेजारची हळदही मला आतूनच ऐकावी लागत होती. अशा वेळी तुम्ही मला तुमच्या ओट्यावर बोलावून पोथी उघडलीत. "कपाळ रिकामे झाले म्हणून डोके रिकामे ठेवायचे नसते. बैस," असे म्हणालात. संधी, समास, विभक्ती, मग गीतेचे अठरा अध्याय अर्थासह. एके सकाळी विवाहविधी वाचताना मी धीर करून विचारले, की विधवेने मंगलकार्याला हात लावू नये हे नेमके कोठे लिहिले आहे. तुम्ही चष्मा पुसलात आणि म्हणालात, "अंतरपाट काय, रुखवत काय, हा सगळा लोकाचार. तो कोणी शिवावा याविषयी शास्त्राला काही म्हणायचे नाही." तुम्ही विसरला असाल. मी त्या वाक्याच्या भरवशावर सुई हाती घेतली.

धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते. आमच्या कळसाडीच्या घरात कापसाची शेवटची वेचणी उरकली होती आणि दुपारी माजघरात निवांत उजेड येई. पांढऱ्या कापडावर मी साखळी टाक्याने दोन बाजूंना दोन मोर भरले, वरती आंब्याच्या पानांचे तोरण. बहीण जवळच बसून मुंडावळ्यांचे मणी ओवते आहे आणि मान तिरकी करून विचारते आहे, "आक्का, हाऊ मोर शे का कोंबडा?" मी म्हणते, "तुन्हा नवरदेव शे तो. नीट देख." ती इतकी हसते की मणी जमिनीवर घरंगळतात, आणि दारात उभी असलेली आई तोंडाला पदर लावते. रेशीम आईनेच आणून दिले होते. एकदाच हळूच म्हणाली, "कोनले सांगू नको, बाई." मला तो संकोच वाटला. ती भीती होती.

आमच्याकडे अंतरपाटाचा मध्यभाग मोकळा ठेवतात. ऐन लग्नाच्या दिवशी एखादी सवाष्ण तेथे कुंकवाने स्वस्तिक, आमच्या बोलीतला सातिया, काढते. कुंकवाला बोट लावायचे नाही हे मी पाळत होते. पण आपण भरलेल्या कापडाच्या मधोमध ती कोरी जागा माझ्याने सोडवेना. म्हणून मी तेथे लाल रेशमाने स्वस्तिक भरले. नियमही मोडला नाही आणि काम पूर्ण झाले, असे मला वाटले. या शहाणपणानेच माझा घात केला.

मांडवात वराची आत्या कुंकवाचा करंडा घेऊन पुढे आली, तिने कापड उलगडले आणि तिची बोटे थांबली. "आरे, सातिया तं पयलेज काढेल शे! हाऊ कोनी भरा?" आई अक्षतांच्या ताटाकडे वळली. आमच्याच एका काकूला मात्र राहवले नाही. "मोठीनी. दुसरी कोन भरी?" आत्याने कापड पाटावर ठेवले, ठेवले म्हणजे जवळजवळ टाकले. "हाऊ चालाव नही. गुरुजी, तुम्हीज सांगा." आणि सगळा मांडव तुमच्याकडे पाहू लागला. मी माजघराच्या दारातून पाहत होते. मला भय वाटले नाही हो. मला आनंद झाला होता! ज्याला खरे उत्तर ठाऊक आहे अशा एकमेव माणसालाच प्रश्न विचारला गेला होता.

तुम्ही उपरणे सावरलेत. मनगटावरचे घड्याळ पाहिलेत. "मुहूर्त टळतो आहे," तुम्ही म्हणालात, "दुसरे वस्त्र आणा."

कोणाचे तरी नवे धोतर आले. त्याच्या आड माझी बहीण उभी राहिली आणि तुम्ही खणखणीत आवाजात मंगलाष्टके सुरू केलीत.

गुरुजी, तुम्ही अज्ञानी असता तर मी केव्हाच क्षमा केली असती. त्या आत्याला मी केली. तिला जे शिकवले गेले ते ती बोलली. पण तुम्हाला ठाऊक होते. असत्य तुम्ही उच्चारले नाहीत, हे तर अधिकच वाईट. असत्याचे खंडन करता येते. घड्याळाकडे पाहणाऱ्या माणसाशी वाद कसा घालावा? चौथ्या दिवशी मी ओट्यावर आले तेव्हा तुम्ही पुढचा श्लोक दिलात. माझी विभक्ती चुकली तर म्हणालात, "क्रोधाने स्मृती जाते, हे पाठ आहे ना?" आणि पावसाळ्यानंतर तुमची स्वतःची, समासात टिपा लिहिलेली पोथी मला देऊन टाकलीत. मी नमस्कार करून ती घेतली. मला पोथी नको होती. एक वाक्य हवे होते, आणि तेही माझ्यासाठी ओट्यावर नव्हे, मांडवात. त्या अंतरपाटावर आईने पुढे अनेक उन्हाळे पापड वाळत घातले.

यंदा त्याच बहिणीच्या नातीचे लग्न झाले. आता हाताने केलेल्या वस्तूंची हौस परत आली आहे. पोर नंदुरबारहून मुद्दाम आली आणि माझ्या मांडीवर कापड टाकून म्हणाली, "आजी, दुकानना नको मले. तूच भर." कुंकू, विधवा, सवाष्ण, यांतले काही तिच्या मनातही नव्हते. बोटे वाकडी झाली आहेत, सुईत दोरा तीच ओवून देई; पण अंतरपाट मी भरला. मोर, तोरण, आणि मधोमध लाल रेशमाचे स्वस्तिक. तो सर्वांसमक्ष धरला गेला, आणि मी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते.

अक्षता पडल्यावर वराकडची एक बाई जवळ आली. तिने कापडाची कड दोन बोटांनी धरून पाहिली. "काय सुंदर शे व माय! कोनी भरा?" तिच्या स्वरात संशयाचा लेश नव्हता. तिला तिच्या मुलीसाठी तसाच हवा होता, इतकेच. मी तोंड उघडले. इतकी वर्षे जे वाक्य मी तुमच्याकडे मागत आले ते आता मलाच म्हणायचे होते, आणि ते तीन शब्दांहून मोठे नव्हते: हाऊ मी भरा.

"तळोदाना बजारमाईन लया," मी म्हणाले.

तिने दुकान कोणते ते विचारले. मी एका दुकानाचे नावही सांगितले.