हिच्या पासपोर्टची शिलाई

४ फेब्रुवारी

व्हिसाला पुन्हा नकार! तोच छापील कागद, तीच दोन वाक्यं. ‘आपण मुदतीत परत जाल याची खात्री पटली नाही.’ अरे, माझं बाइंडिंगचं दुकान इथं, घर इथं, हिची औषधं इथं — परत येणार नाही तर जाणार कुठं? ठकीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, जेवलात का?

सहा वर्षं झाली लेकीला बघून. नातू तिकडेच जन्मला. फोनच्या काचेत मावतो तेवढाच आमच्या ओळखीचा.

५ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. हिचा काचबिंदू वाढलाय. कडेचं दिसणं गेलंच होतं, आता मधलं उरलंय तेही चाललंय. गेलेली नजर परत येत नाही म्हणाले. उरलेली किती टिकेल, विचारलं. डॉक्टर स्वतःचा चष्मा पुसत बसले. वर्षं म्हणाले नाहीत, महिने म्हणाले.

येताना बसमध्ये ही म्हणाली, “दिसतंय तोवर एकदा ठकीला आणि पोराला दाखवा. मग काही नाही मागणार.” लग्नापासून हिनं काही मागितल्याचं आठवत नाही. आणि मागितलं ते हे!

१२ फेब्रुवारी

ठकीनं शक्कल काढली. आम्हाला तिथं येऊ देत नाहीत, तिला इथं येता येत नाही. तिथं कायमचं राहायचा तिचा अर्ज कचेरीत पडून आहे. निकालाआधी मायदेशी गेली की अर्ज बाद. आणि एकदा बाद झाला की पुन्हा आत घेतील याचा भरवसा नाही. तर म्हणे, तिसरीकडेच भेटू! जिथं आधी अर्ज नाही, मुलाखत नाही, विमानतळावर उतरलं की तिथंच व्हिसाचा शिक्का मारतात.

असं कुठं असतं का, म्हटलं. असतं म्हणे. सहलीला जाणाऱ्यांसाठी असतं. आम्ही आता सहलीला जाणार. छान.

१३ फेब्रुवारी

तिकीटवाल्या बाईंकडे गेलो. बोलण्यात भारी तयार. ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ म्हणजे कुणीही उठावं आणि जावं असं नाही हो काका, म्हणाल्या. एक देश देतो, पण मोठ्या विमानतळावरच. बोटीनं गेलात तर परत पाठवतो, आणि तिथवरचं विमान आपल्याला परवडणारं नाही. दुसरा देतो, पण आधी संगणकावर अर्ज करा म्हणतो — मग उतरल्यावर कसला? तिसरा देतो, पण लहान मूल असेल तर आई-बाप दोघं बरोबर हवेत. जावई ट्रक चालवतो, त्याला रजा नाही. करता करता एक बेट उरलं.

तिथले नियम : पासपोर्टची मुदत अजून सहा महिने तरी हवी, कोरी पानं हवीत, हॉटेलचा कागद, फोटो, फी रोख. आणि परतीचं तिकीट. त्याशिवाय विमानातसुद्धा बसवत नाहीत, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. माणूस का येतोय याचं कुणाला काही नाही, तो जाणार कधी याचीच सगळ्यांना काळजी!

२० फेब्रुवारी

ठकीला तिकडच्या कचेरीनं बाहेर पडायचा परवाना दिला. त्या एका बेटाचा, एका आठवड्याचा. १८ मार्चला निघायचं, २४ ला परतायचं. तारीख बदलून मिळणार नाही, आणि २४ ला परतली नाही तर अर्ज बाद. आमचीही तिकिटं काढून टाकली.

ही मला सारखी विचारते, सगळं जमेल ना हो? जमेल म्हणतो. मला स्वतःला काडीचा विश्वास नाही.

२७ फेब्रुवारी

हिनं पाण्याचा तांब्या ठेवला तो नेमका स्वतःच्या पासपोर्टवर. खाली काय आहे ते दिसलंच नाही तिला. तांब्याचं बूड ओलं, पासपोर्ट रात्रभर भिजला. शिलाई सुटली, मधली पानं बाहेर लोंबायला लागली, पुठ्ठ्याचा आतला कागद सुटून फुगला. अक्षरं, फोटो, सगळं शाबूत. पण ही भिंतीला टेकून बसली ती उठेना. “नवीन करून घेऊ या का?” म्हणाली. नवीन यायला किती दिवस लागतील कोण जाणे, आणि इथं तारीख ठरलेली. आणि मी असताना नवीन कशाला? आयुष्य गेलं माझं सुटलेली पानं शिवण्यात. कॉलेजातल्या लोकांचे जाडजूड प्रबंध, ग्रंथालयातली वाळवी लागलेली पुस्तकं — मी शिवलेलं एक पान कधी सुटून परत आलेलं नाही.

दुकानात नेला. टीपकागद घालून वजनाखाली वाळवला. जुना दोरा जागोजागी तुटला होता, तो काढून टाकला. त्याच रंगाचा, त्याच जाडीचा दोरा शोधला. दाभण नवं भोक पाडेल म्हणून हातातच घेतलं नाही. बारीक सुईनं जुन्याच भोकांतून टाका घातला. पुठ्ठ्याला पातळ खळ. परत वजनाखाली.

२८ फेब्रुवारी

काढला. झकास! कंपनीतून आल्यासारखा. हिनं बोटं फिरवून बघितलं आणि हसली. कुणाच्या बापाला कळणार नाही.

९ मार्च

ही नातवासाठी टोपी विणतेय. टाके मोजायला डोळे लागत नाहीत म्हणते. मध्येच फोन नाकाला टेकवून त्याचा फोटो बघते. कान ठकीसारखे आहेत की जावयासारखे, हे तिला ठरवायचंय. फोटोत कानावर केस आलेत, म्हणून ते तिथं गेल्यावर बघणार आहे. काल डावीकडच्या दाराला धडकली. लागलं नाही म्हणाली. कपाळाला टेंगूळ आलंय.

तिकीटवाल्या बाईंकडे जाऊन कागद पुन्हा तपासून आणले. मुदत, कोरी पानं, हॉटेल, परतीचं तिकीट. सगळं आहे. बाईंनी पासपोर्ट चाळला, त्यांनाही शिलाई कळली नाही. मनातल्या मनात हसलो.

१७ मार्च

बॅग भरली. टोपी सगळ्यात वर.

१८ मार्च

घरी आहोत.

लिहायचं नव्हतं, पण झोप येत नाही आणि ही भिंतीकडे तोंड करून पडलीय. ठकी आणि पोर पहाटेच्या विमानानं निघून आमच्या आधीच बेटावर पोचले होते. आम्ही विमानतळावर जायला निघताना तिचा फोन आला, समुद्र दिसतोय म्हणाली.

काउंटरवरच्या मुलीनं माझे कागद बघितले. ठीक. मग हिचा पासपोर्ट उघडला. चाळला. मिटला. आणि पाठीवरून, शिलाईच्या कडेवरून, अंगठा फिरवला. तिथंच मी ओळखलं, कारण मीही पुस्तक हातात आलं की अस्साच अंगठा फिरवतो. नवी शिलाई बोटाला घट्ट लागते. त्या पोरीला ते कुणी शिकवलं असेल?

आतून साहेब आले. त्यांनी दोन्ही पासपोर्ट शेजारी शेजारी उघडून निळ्या दिव्याखाली धरले. माझ्या पासपोर्टमधला दोरा रंगीबेरंगी चमकायला लागला. हिच्यातला काळाच राहिला. असा दोरा असतो हे मला माहीतच नव्हतं! चाळीस वर्षं दोरा ओवतोय आणि माहीत नव्हतं.

“हा कुणी शिवला?”

“मी,” म्हटलं. आणि खोटं कशाला लिहू — म्हणताना क्षणभर छाती फुगलीसुद्धा.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. हळू आवाजात समजावलं, उघडून शिवलेला पासपोर्ट म्हणजे फेरफार केलेला पासपोर्ट. आतलं पान बदललं नाही कशावरून? बेटावर शिक्का मारणारा माणूस हेच बघणार आणि पुढच्या विमानानं परत पाठवणार. म्हणून आम्हीच बसवत नाही. पासपोर्ट चौकशीसाठी ठेवून घेतला. मी हिच्या डोळ्यांचं सांगितलं, डॉक्टरांचा कागद दाखवला, हात जोडले. साहेब म्हणाले, तुम्ही एकटे जाऊ शकता.

“तुम्ही जा,” ही म्हणाली. “तुम्ही नीट बघा आणि मला येऊन सांगा.”

मला नाही जमलं. हिला तिथं खुर्चीवर एकटी सोडून मी कुठल्या तोंडानं जाणार होतो? आणि ठकीला जाऊन काय सांगणार होतो, की तुझ्या आईची वाट मीच सुईदोऱ्यानं शिवून टाकली?

१९ मार्च

ठकीचा फोन बेटावरून. हिनंच घेतला. मला ऐकू येत होतं, पलीकडे पोर विचारत होतं, आजी कुठंय? ही म्हणाली, कागदात काहीतरी चूक निघाली. कुणाची, ते सांगितलं नाही. डॉक्टर महिने म्हणालेत, तेही आज पहिल्यांदाच तिला सांगितलं.

मला एकदा तरी बोल लावायला हवा होता हिनं. लावत नाही. उलट, चहा घेता का, विचारते. तेच मला जास्त लागतं.

२१ मार्च

पासपोर्टच्या कचेरीत. खिडकीतली बाई म्हणाली, चौकशी संपल्याशिवाय नवीन मिळणार नाही. कधी संपेल? काही महिने तरी, म्हणाली. इथंही महिनेच. डॉक्टरांचे महिने आणि कचेरीचे महिने — कोणते आधी संपतील ते सांगायला ज्योतिषी नको.

दुकानात एक प्रबंध अर्धा शिवून पडलाय. सुई हातात घेतली, तशीच खाली ठेवली. कुलूप लावून घरी आलो.

२२ मार्च

हिला आज घड्याळाचे काटे दिसले नाहीत. घड्याळ बंद पडलंय म्हणाली. मी हो म्हटलं.

२४ मार्च

आज ठकीचा परतायचा दिवस. सकाळपासून फोन बंद. विमानात असेल. आता पोचली असेल. पोचल्यावर तरी करायला हवा होता. चूक कुणाची ते ओळखलं असेल, रागावली असेल माझ्यावर, आणि रागवावंच.

हिनं टोपी बॅगेतून काढली आणि कपाटात ठेवून दिली.

२५ मार्च

सकाळी दार वाजलं. ठकी! खांद्यावर झोपलेलं पोर, हातात एकच बॅग.

हिनं दोघांना ओढत खिडकीशी नेलं, उजेडात. पोराचे केस मागं सारून कान बघितले. ठकीचेच आहेत.

मी विचारलं, परतीचं तिकीट?

“कालचं होतं, बाबा. अर्ज गेला.”

जावयाचं विचारायला तोंड उघडलं, तर ठकी म्हणाली, तो तिकडेच. ही अजून दोघांकडे बघतेय. मला बघवत नाही.