रफ्टरची दुसरी पसंती

७ जून १९२५, आयर्लंड
प्रार्थनेनंतर चर्चच्या फाटकाशी उभी राहिले. जिल्ह्याच्या काउंटी कौन्सिलसाठी मतं मागायची तर तोंड उघडायला हवं — माझं उघडेना! म्हाताऱ्या बिडनेच हात धरला. "पोरी, पहिली पसंती तुलाच. म्हणजे आपल्या कोलमनलाच!"

सगळे हेच म्हणतात. नाव माझं, मत भावाला. यादवीत गेला, दोन वर्षं मातीखाली आहे, आणि प्रचार तोच करतोय.

समोर बार्टली रफ्टरही उभा होता, मतंच मागत. मला पाहून टोपी काढली. मी मान फिरवली.

११ जून
डोंगराकडची घरं केली. दारोदार चहा. कप हातात आला की एकच विचार — कोलमनला बांधाशी उभं करून गोळ्या घातल्या तेव्हा यातलं कोण होतं तिथे? हाच हात होता का? सरकारी फौजेची तुकडी रफ्टरची, एवढं सगळे जाणतात. हुकूम कोणाचा, ते कोणी बोलत नाही. परतताना मागे रफ्टरचा खोकला ऐकला. वळले नाही.

१६ जून
आई म्हणाली, "दारोदार त्याचं नाव घेत फिरू नकोस. झोपू दे त्याला."

२३ जून
मतदान झालं. आईला शाळेत नेऊन आणलं.

२५ जून
कोर्टात मोजणी. शेवटची एक जागा उरली, मी मागे. मग सर्वांत कमी मतं म्हणून रफ्टर वगळला गेला. आता त्याच्या चिठ्ठ्यांवर दोनचा आकडा ज्याच्यापुढे, मत त्याला. मोजणारे चिठ्ठ्या उलटू लागले — एक रफ्टर, दोन मी. एक रफ्टर, दोन मी! निवडून आले.

तो दाराशी भेटला.

"तुमच्या लोकांनी मला मतं का दिली?"

"मीच सांगितलं होतं त्यांना."

"का?"

टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "मिस गिलूली, त्या सकाळी हुकूम मी दिला होता."

थोबाडीत मारायला हवी होती. हात उचललाच गेला नाही!

२६ जून
आईला सांगितलं. बटाटे सोलत होती, सुरी थांबली नाही.

"माहीत आहे. नाताळात येऊन सांगून गेला. तू बसली आहेस ना, तिथेच बसून रडला."

"आणि मला बोलली नाहीस?"

"बोलले असते तर उभी राहिली असतीस?"

म्हटलं, राजीनामा देते. त्याच्या मतांवर मिळालेल्या खुर्चीत बसणार नाही. तिने पुढचा बटाटा उचलला.

२८ जून
आज आपणहून म्हणाली — "दे खुशाल राजीनामा. पण त्याच्याकडून तुझ्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांत एक माझी होती, डीलिया. पहिला आकडा मी त्याला दिला."