क्लचचा काही दोष नाही

बाबा,

तुमची गियरची गाडी मी नेतेय, रागावू नका. माझी नवी गाडी खाली लावली आहे. तिला क्लच नाही. गियर बदलायची हौस स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांवर बोटांनी भागवा. ‘ही काय खेळण्यातली गाडी!’ म्हणाल, माहीत आहे. पण परवा चढावर गाडी मागे घसरली तेव्हा तुम्ही क्लचवर खापर फोडलंत. मेकॅनिक म्हणतो, क्लच ठणठणीत आहे.

संध्याकाळी डॉक्टरांकडे जायचंय, सबबी नकोत. आईला मी काही बोलले नाही.

काल जिन्यात तुमची डावी चप्पल पायातून निसटली. ती मी मागून उचलून आणली. तुम्ही गप्पा मारत वर आलात, बाबा. एक पाय अनवाणी आहे, हे तुम्हाला कळलंच नाही.

ठमी