आपलं दुसऱ्यानं वाचायचं

नाना, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, तरी रविवारी सकाळी दहा वाजले की मला हातातलं काम टाकून कुठंतरी निघायचंय असं वाटत राहतं. जळगावातलं तुमचं ते दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत पुस्तकांनी माणसांना जागाच ठेवली नव्हती, म्हणून आमची लिहिणाऱ्यांची बैठक स्वयंपाकघरात भरायची. आम्ही सहा-सातजण भिंतीला पाठ लावून बसलेलो, तुम्ही दाराजवळच्या पाटावर, आणि ओट्याशी तुमच्या सौ., आमच्या अक्का, भाकरी थापताहेत. तुम्ही आयुष्यभर शाळेत शिकवलंत, पण बैठकीत शिकवायचा नाहीत. नियम तेवढा कडक होता. आपण लिहिलेलं आपण वाचायचं नाही. कागद शेजारच्याच्या हातात द्यायचा, त्यानं मोठ्यानं वाचायचा, आणि सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

पहिल्यांदा माझा कागद जामनेरच्या भाऊंच्या हातात गेला. बँकेत काम करणारे ते भाऊ, आवाज एसटी स्टँडवरच्या घोषणेसारखा. माझ्या एका वाक्यात त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला आणि माझे कान तापले. वाचून झाल्यावर त्यांनी सुरुवातीच्या दोन पानांवर पेन्सिलीची एकच आडवी रेघ ओढली. "ताई, गाडी स्टँडवरच उभी आहे, सुटतच नाही," म्हणाले. मी घरी जाऊन रडले. चार दिवसांनी पुन्हा वाचून पाहिलं तर खरंच सुटत नव्हती. त्या रेघेचे उपकार मी आजही मानते. एकटीनं बसून लिहिलं असतं तर जन्मभर स्टँडवरच राहिले असते.

म्हणूनच मायवरची गोष्ट मी एवढ्या विश्वासानं आणली. धुळ्याकडच्या आमच्या गावातून मी शिकायला निघाले त्या दिवसाची. गाडीची वेळ झाली तरी माय जात्यावरून उठली नव्हती. मी पाया पडायला वाकले तेव्हा तिनं हाताचं पीठ झटकलं आणि म्हणाली, "जाय. मांगे पाहू नको." एवढंच. मी जसं घडलं तसं लिहिलं होतं. भाऊंनी ते वाचलं. मग बोलणं सुरू झालं. आमच्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या, आई फार कोरडी वाटते, वाचकाला पटणार नाही. कुणी म्हणालं, पुण्याच्या माणसाला ही बोली कळायची नाही. भाऊ म्हणाले, शेवटी तिच्या डोळ्यांत पाणी दाखवा, गोष्ट एकदम वर जाईल. नियमाप्रमाणे मी तोंड मिटून सगळं वहीत उतरवत होते. आणि अक्कांच्या तव्यावरची भाकरी करपली.

नाना, अक्का तव्यावरची भाकरी कधी करपू देत नसत. त्या वाचत नव्हत्या, बोलत नव्हत्या, पण लिखाण जमलं की त्यांचा हात थांबायचा हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही त्यावरून एकमेकांना चिडवायचोसुद्धा. त्या दिवशी हात नुसता थांबला नाही, भाकरी काळी झाली. मी धूर पाहिला, वास घेतला, आणि वहीत मात्र भाऊंचं वाक्य लिहिलं. ती करपलेली भाकरी तुम्ही दुधात कुस्करून खाल्लीत आणि काही बोलला नाहीत.

मी मायला प्रमाण मराठी बोलायला लावलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आणलं. गोष्ट दिवाळी अंकात छापून आली. कुणाकुणाचे फोन आले, मी हवेत. अंक घेऊन गावी गेले आणि घरापुढच्या ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या मायला मोठ्यानं वाचून दाखवली. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "चांगली शे. पन हाई बाई कोन शे? मी कवय रडनू?" मी कधी रडले, असं विचारताना तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

तो राग मग मी तुमच्यावर काढला. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी आले. तुम्ही अक्कांसाठी डाळीतले खडे काढत होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना? मग त्या दिवशी बोलला का नाहीत?" तुम्ही बैठकीत छापील मराठी बोलायचात, पण जीव लावला किंवा चिडलात की गावची बोली यायची. तुम्ही ताटातून मान वर न करता म्हणालात, "आयकानं बठ्ठास्नं. पन माय तर तुनी शे ना?" सगळ्यांचं ऐकावं, पण माय तर माझीच, हे मला झोंबलं. मी म्हणाले, पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही, आणि निघाले. तुम्ही चष्मा कपाळावर सारून फाटकापर्यंत आलात आणि मी कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभे राहिलात.

मी गोष्ट पुन्हा लिहायला घेतली. ती होईपर्यंत यायचं नाही असं ठरवलं होतं, थोडं रागानं, थोडं लाजेनं. उन्हाळ्यात ती पुरी झाली. पाणी पुसून टाकलं, बोली परत आणली, जातं होतं तिथं ठेवलं. मायला वाचून दाखवली तर म्हणाली, "हां. हाई मी शे." ते कागद पिशवीत घालून मी जळगावला परतत होते, रविवारी तुमच्याकडे यायचं म्हणून. जळगावच्या थोडं अलीकडे गाडीतच भाऊंचा फोन आला, तुम्ही गेल्याचा. मी कागदांची पिशवी तशीच मांडीवर घेऊन बसले होते. तुम्ही ती गोष्ट ऐकली नाहीत याची हळहळ माझ्या मनातून अजून जात नाही.

भाऊंनी मग व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. काहीही टाका, लगेच जोडलेले हात, "अप्रतिम", "निःशब्द". वाचायच्या आधीच निःशब्द होतात माणसं. तिथं कुणी कुणाला दुखवत नाही आणि कुणाची गाडी सुटतही नाही. वैतागून आम्ही चौघं, भाऊसुद्धा, पुन्हा रविवारी बसायला लागलो, माझ्या स्वयंपाकघरात, तुमच्याच नियमानं. परवा नव्यानं येऊ लागलेल्या एका बाईंनी सासूवर लिहून आणलं. सासू जरा प्रेमळ करा, असं तिघांचं मत पडलं. मी शेवटी म्हणाले, "ऐकून घ्या सगळ्यांचं. पण सासू तुमची आहे." बोलले आणि कुकर बघायच्या निमित्तानं उठले. माझ्या ओट्यावर कुकर असतो, नाना. लिखाण चांगलं असो वा वाईट, त्याच्या शिट्या थांबत नाहीत. अक्कांचा हात मी कुठून आणू?

या रविवारी माझी पाळी आहे आणि मी हेच पत्र लिहून ठेवलंय. पण ते भाऊंच्या हातात द्यायचं नाही असं आत्ताच ठरवलं. ते त्यांच्या मोठ्या आवाजात वाचतील आणि नेमकं विचारतील, फाटकाशी नानांचा चेहरा कसा होता? मला तोंड उघडायची मुभा नसेल, आणि असती तरी काय सांगणार होते? तुम्ही फाटकापर्यंत आलात की पाटावरच बसून राहिलात, मला माहीत नाही. मी मागे वळून पाहिलंच नव्हतं. ते फाटकाचं वाक्य खोडायला मघापासून पेन्सिल हातात धरून बसले आहे, आणि माझ्यानं खोडवत नाही.