मंदाबाईंचं कुलूप

गेवराई, मंगळवार संध्याकाळ

पोलीस ठाण्यातून ड्यूटी संपवून घरी आले तरी मंदाबाई डोक्यातून जात नाहीत. नवरा वारल्यावर एकट्याच ऊसतोडीला गेलत्या. परतल्या तर दिरानं भरदिवसा कुलूप तोडून पितळी हंडे नेलेले.

"घर आमचंच हाय, घरफोडी कसली?" ठाण्यात बोलावलेला दीर म्हणाला.

"राहतात त्या, कुलूप त्यांचं. म्हणजे घरफोडीच," मी म्हणाले. चोरीसाठी केली तर दिवसाच्या घरफोडीलाही दहा वर्षांपर्यंत शिक्षा, हेही सांगितलं. ते ऐकून मंदाबाईंनीच सहीसाठी घेतलेलं पेन खाली ठेवलं. आता तक्रार मागे घेतात की काय, असं वाटलं मला.

"मॅडम, घर माझ्या ताब्यात हाय, असं लिवलंय का?"

"लिहिलंय."

"वाचा की."

मी वाचलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं, आणि दिराकडे न बघता सही केली.