धुक्यात कुणाला हाक मारू

३० डिसें., मंगळ.
पहाटे पाचला उठून हे खाकी शर्ट शोधत बसले. झाई गावाची पहिली गाडी काढायची म्हणे. एस.टी.तून रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. कपाट उचकून झालं, मग मलाच विचारलं, "कंडक्टर आला का?" म्हटलं, "आलाय, चला." कंडक्टर म्हणजे मीच. धरणाच्या बांधावरून तलावाच्या कडेने, खाली नदीच्या छोट्या पुलापर्यंत, आणि परत. घरी आलं की ड्यूटी संपते, चहा पितात, गप्प होतात. दाराला आतून कडी घातली तर दिवसभर ती खडखडवतात. त्यापेक्षा थंडी परवडली. गुडघे माझे गेलेलेच आहेत.

१ जाने., गुरु.
धुकं असं की बांधाची कड दिसेना. ह्यांचा हात धरला, तर झटकला. "बाई, ड्रायव्हरला हात लावू नका." बेचाळीस वर्षं ह्यांचे डबे भरले, आणि मी बाई!
महेशचा वापीहून फोन. "आई, गेटला कुलूप लाव." बापाला कुलूप लावायला सांगतो हा. ठेवूनच दिला फोन.

४ जाने., रवि.
पुलाजवळ चपलेचा अंगठा तुटला. वाकले, पिन लावली, वर बघते तर हे नाहीत. अर्धं मिनिट झालं असेल. डावीकडे तलाव, उजवीकडे उतार, खाली नदी, आणि सगळं पांढरं. "अहो!" ओरडले. "अहो, ऐकलंत का!" घसा फुटेस्तोवर.
खाली जाळं टाकत होता तो रघू धावत वर आला. "काकी, बाबांचा नाव काय? मीपण हाक मारतो."
आणि माझ्या तोंडून नाव निघेना. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. रेशनच्या ऑफिसातसुद्धा मी कार्डावर बोट ठेवून दाखवते. म्हटलं, "महेशचे बाबा म्हण." तो ओरडत सुटला. आणखी दोघं आले, तेही तेच ओरडायला लागले. बांधभर महेशचे बाबा, महेशचे बाबा. दीड तास. पाण्यात बघा असं कुणी म्हणालं नाही, पण सगळे पाण्याकडेच बघत होते. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.
आठला धुकं विरलं. हे पुलाखालच्या दगडावर. माझ्यापासून वीस पावलं. पाय पाण्यात. मला बघून म्हणाले, "कुणा बाईचा नवरा हरवलाय वाटतं. केव्हाची ओरडतेय बिचारी."

५ जाने., सोम.
ह्यांना कणकण आहे. महेश रजा टाकून आला आणि माझ्यावरच चिडला. "नाव घ्यायला काय झालं होतं, आई? बाबांना महेश कोण ते आठवत नाही. मग महेशचे बाबा कोण ते कसं कळणार?"
खरं आहे. स्वतःचं नाव मात्र ह्यांना अजून पाठ आहे, डेपोत रोज पुकारायचे ना. रघूने त्या नावाने एक हाक मारली असती तर ओ दिली असती. सासूबाई सांगायच्या, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी घेतलं नाही, आणि माणूस बुडायची वेळ आली. काय बाई मी! जातानाही महेश धड बोलला नाही. रविवारी येऊन काय ते ठरवू म्हणाला.

७ जाने., बुध.
न्हाणीघरात नळ सोडून नाव घेऊन बघितलं. पहिल्यांदा नुसते ओठ हलवले. मग हळू. दामोदर. दामोदर. चोरी केल्यासारखं वाटलं. बाहेर आले तर हे दारात उभे, ताप उतरलेला. "कंडक्टर आला का?"

८ जाने., गुरु.
नेलं. काय करणार, दार तोडलं असतं ह्यांनी.
वळणावर चार पावलं पुढे गेले आणि दिसेनासे झाले. ओरडलेच, "दामोदर!"
चपला वाजायच्या थांबल्या. परत आले, डोळे वटारून. "लाज आहे का गं? चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतेस? आईनं ऐकलं म्हणजे?"
चारचौघं कुठले, चिटपाखरू नव्हतं. मी तिथेच बसकण मारली आणि भोकाड पसरलं. 'गं' म्हणाले मला. नवरा म्हणाले. दोन वर्षांनी! रागावलेत याचा एवढा आनंद कुणाला झाला असेल?
घरी येईपर्यंत तेही गेलं. चहा दिला तर, "ठेवा बाई."

१० जाने., शनि.
काल आणि आज, दोन्ही दिवस मुद्दाम हाका मारल्या. हे समोरच चालत होते, धुकंही विरळ. तरी मारल्या. रघूने खालून मान वर करून बघितलं, बघू दे. एकदा रागवा हो माझ्यावर, दुसरं काही मागत नाही. पण हे लगेच थांबतात, वळतात, ताठ उभे राहतात. "हजर! बोला बाई."
हरवले तर आता सापडतील, एवढं झालं. उद्या महेश येईल, फिरणं बंद कर म्हणेल. त्याला काय सांगायचं ते ठरत नाहीये.
संध्याकाळी चहा देताना विचारलं, "माझं नाव काय, सांगा बरं."
बराच वेळ आठवत बसले. कपाळाला आठ्या. मग अगदी अदबीने म्हणाले, "घरात तुम्हाला काय म्हणून हाक मारतात?"
मी आठवायला लागले. बेचाळीस वर्षांत ह्यांनी तरी कुठे कधी माझं नाव घेतलं?
"अगं," म्हटलं.
"हे काय नाव झालं, बाई?" म्हणाले, आणि बिस्किट चहात बुडवलं.