राणीची ड्रायव्हरची सीट

ती. मामांना,

दोन्ही पाय ब्रेकवर घट्ट ठेवून ड्रायव्हिंग स्कूलवाल्या भाचीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा, मामींची कंबर आणि तुम्हा दोघांचं टीव्हीच्या रिमोटवरून चाललेलं भांडण, सगळं जागच्या जागी असेल असं धरून चालते. इकडे आम्ही मजेत आहोत. (मजेत नाही आहोत; पण पत्राची सुरुवात रडगाण्यानं करू नये असं आईचं म्हणणं आहे आणि ती माझ्या खांद्यावरून वाचते आहे.)

पत्रास कारण असं, की मी राणी विकत घेतली. मामा, चष्मा काढून ठेवू नका, पुढे वाचा. जुन्या मालिकेतली ती लाल मोटार, डिटेक्टिव्हनं शीळ घातली की आपली आपण चालत येणारी, तीच ही. हिरो शेजारच्या सीटवर हाताची घडी घालून बसायचा, मधूनच कंगवा काढून केस विंचरायचा, ड्रायव्हरची सीट रिकामी, आणि स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय! आख्ख्या गल्लीचा श्वास अडकायचा. तुम्ही त्या स्टुडिओत मोटारींचे मेकॅनिक होतात एवढंच आम्हाला ठाऊक. ती गाडी दारात उभी केली तर निदान शिकाऊ मुलांची रांग लागेल, असा माझा साधा धंदेवाईक हिशोब. समोरच्या नव्या स्कूलवाल्यानं एसी गाड्या आणल्यापासून माझ्याकडे फक्त तिथून हाकलून दिलेले लोक येतात.

स्टुडिओ बंद पडला म्हणून सगळ्या सामानाचा लिलाव होता. काय काय दिवस पाहिले हो त्या गाड्यांनी! भुतांच्या मालिकेतली काळी बग्गी एका फोटोवाल्यानं नेली, आता तिच्यात लहान बाळांना बसवून वाढदिवसाचे फोटो काढतो. मुलांच्या मालिकेतल्या अंतराळयानात एका बाईंनी कोंबड्या पाळल्यात. (अंडी बरी निघतात म्हणे.) आणि ज्या खलनायकाला बघून मी पलंगाखाली शिरायचे, तो तिथे पावत्या फाडायला बसला होता. मला म्हणाला, ताई, सावकाश न्या हं, ब्रेक कच्चे आहेत. इतका सालस माणूस! माझं सगळं लहानपण फुकट घाबरण्यात गेलं.

तर गाडी घरी आणली आणि पाहते तो काय, ड्रायव्हरची सीट आतून पोकळ. ना काथ्या, ना स्प्रिंग. पाठीमागे वरपासून खालपर्यंत चेन, डोकं टेकायच्या जागी बारीक जाळी आणि खाली दोन्ही बाजूंना फाटल्यासारखी भोकं. मी म्हटलं, उंदरांनी पार वाट लावली. आमचा गादीवाला कामाला वाघ. त्यानं आत काथ्या ठासून भरला, भोकं शिवली, जाळीवर रेक्झिन ताणलं आणि चेन उसवून दुहेरी टाका मारला. अशी टणक सीट मी जन्मात पाहिली नव्हती. मी त्याला वर चहा पाजला.

मग उद्घाटनाला खुद्द हिरोलाच बोलावलं. (नुसता चष्मा आणि टोपी उरली आहे बिचाऱ्याची; तुम्ही त्याला ‘तो माणूस’ म्हणता, मी हिरोच म्हणते, आम्हाला दुसरं तोंडातच बसत नाही.) गर्दी बरी जमली. हिरो ऐटीत शेजारच्या सीटवर बसले, हाताची घडी घातली, आणि शीळ घातली. गाडी ढिम्म. पुन्हा शीळ. पुन्हा ढिम्म. मला वाटलं, नाटक करताहेत. तेवढ्यात ते रिकाम्या सीटकडे वाकून हळूच म्हणाले, “चला, मामा.” मग त्यांनी सीटला बोटानं ढोसलं. ती दगडासारखी लागली. आणि मामा, त्या माणसाचा चेहरा जो उतरला! काच खाली करून मला विचारतात, मामा गेले का?

मी म्हटलं, कुठे जातील, घरी आहेत, सकाळीच फोनवर माझ्यावर खेकसले.

एवढं ऐकून हिरो गाडीतून उतरले आणि माईक घेऊन त्यांनी जे कोणी कधी सांगितलं नव्हतं ते सगळ्यांसमोर सांगितलं. राणीत यंत्रबिंत काही नव्हतं. सीटचं कव्हर डगल्यासारखं अंगावर घालून आत एक माणूस बसायचा, जाळीतून रस्ता बघायचा आणि भोकांतून हात काढून स्टिअरिंग खालून फिरवायचा. तो आतला माणूस म्हणजे तुम्ही, स्टुडिओतल्या सगळ्यांचे मामा! भाचीची गाडी म्हणजे आजही आत तुम्हीच असाल, असं हिरो धरून बसले होते. शब्द दिला होतात म्हणून मामींनासुद्धा बोलला नाहीत. धन्य आहे तुमची. आई तर तिथल्या तिथे खुर्चीवर बसली. गर्दीतले एक पेन्शनर गृहस्थ उठून म्हणाले, की या मालिकेमुळे आपण आयुष्यभर स्कूटरशी बोलत आलो, आता काय करायचं? त्यांना सरबत दिलं.

शंभराव्या भागाच्या सत्काराचंही कळलं. तुम्ही गाडी स्टेजवर आणून उभी केलीत, सगळ्यांची भाषणं झाली, बॉनेटवर पुष्पगुच्छ ठेवला, गाडीच्या निष्ठेवर कुणीतरी कविता म्हटली, आणि मंडळी जेवायला निघून गेली. मागची चेन उघडायला कुणी आलंच नाही. झाडूवाल्यानं तुम्हाला बाहेर काढलं म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही स्टुडिओत पाऊल टाकलं नाहीत. हिरो मला म्हणाले, आधी लाज वाटली म्हणून भेटायला गेलो नाही, मग फार उशीर झाला म्हणून गेलो नाही. मला वाईट वाटलं, मामा. तुमच्यासाठी जास्त, पण त्यांच्यासाठीही.

असो. झालं गेलं. तुम्हाला काही मागायला हे पत्र नाही, नुसतं कानावर घालते. स्कूलचं विचाराल तर एकच नवा विद्यार्थी आलाय, तोही वयस्कर. माणूस गोड, पण गाडीचे हाल कुत्रा खात नाही. वळणावर स्टिअरिंग सोडून हाताची घडी घालतो. सवय म्हणतो. परवा न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीवर चढवली, काल माझ्याच पाटीला धडकला. तरी रोज वेळेवर हजर. आई म्हणते, तू याला शिकवशील तर दगडालाही शिकवशील. मामींना नमस्कार.

तुमची लाडकी (अजून असले तर),
भाची

ता. क. तुम्ही ओळखलंच असणार, तो विद्यार्थी म्हणजे हिरो. जन्मात गाडी चालवली नव्हती त्यांनी. गादीवाल्याकडून सगळा काथ्या उपसून घेतलाय. (तो माझ्याशी बोलत नाही.) आत बसायला माप घेतलं, ते तुमचं नाही, त्यांचं.

ता. क. दुसरा. येत्या रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानात या. हिरो सीटच्या आत बसून गाडी चालवणार, तुम्ही शेजारी, हाताची घडी घालून, सगळ्यांना दिसाल असे. घाबरू नका, शेजारच्या सीटपाशी मी जादा ब्रेक बसवलाय. घडी घाला, पण पाय ब्रेकवरून हलवू नका. मागची चेन मात्र शेवटी तुम्हीच उघडायची, असं त्यांनी बजावून सांगितलंय. उघडायची की नाही, ते तुमच्यावर.

ता. क. शेवटचा. सोबत त्यांचा मालिकेतला कंगवा पाठवला आहे, गाडी चालू झाली की तुम्ही विंचरायचं. मी म्हटलं, अहो, मामांच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. तर म्हणाले, माझे तरी कुठे खरे होते?